अंबर आणि सिएना वाळल्यावर राखाडी का पडतात : आधी काय तपासायचं, नंतर काय

लक्षणं

संध्याकाळी चित्र संपवलं तेव्हा झाडाखालची सावली काकवीसारखी गडद आणि खोल होती. तीन-चार दिवसांनी बघावं तर तीच सावली राखट झालेली. शेजारचा पांढरा, पिवळा तसाच उजळ आहे, मधला तपकिरी मात्र धूळ बसल्यासारखा दिसतो. धुळ्यात माझ्याकडे शिकायला येणारी मुलं असं चित्र दारातूनच वर धरून दाखवतात आणि म्हणतात, "सर, रंग मरी गया."

अंबर आणि सिएना या मातीपासून केलेल्या तपकिरी रंगांतला हा एकच दोष मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता तपासणीचा क्रम ठरून गेला आहे. तो इथे लिहून ठेवतो. मुख्यतः तैलरंगांबद्दल बोलतोय. मातीपासून घरी रंग करणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे, कारण तिथे कारणंही वेगळी निघतात.

चित्र खिडकीपाशी न्या, तिरकं धरा आणि नीट बघा. खालीलपैकी काय दिसतं?

- गडद तपकिरी भाग निस्तेज आणि बाकीचा भाग चमकदार, मध्ये ठिगळासारख्या कडा. हाच नेहमीचा दोष. रंग 'बसला' किंवा 'मेला' म्हणतात तो हा.
- बोट फिरवलं की तपकिरी भुकटी लागते. हा त्याच दोषाचा पुढचा टप्पा.
- उन्हाळ्यात तडकलेल्या शेतासारख्या भेगा. यात रंगथरांचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर माती चुकीची असते.
- तीन आठवड्यांनंतरही चिकट. बहुतेक वेळा तेल चुकीचं.
- वर पांढरी लव किंवा पांढुरका थर. बुरशी किंवा क्षार. हे दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली दोन लक्षणं असतील तर घाबरायचं कारण नाही. शंभरातली बहुतेक चित्रं त्यातच मोडतात आणि घरच्या घरी सुधारतात.

रंग मरतो म्हणजे काय होतं

मृगाचा पहिला पाऊस पडला की आपली करडी जमीन पाच मिनिटांत काळीभोर होते. माती तीच असते. कोरडी असताना कणांच्या मधे हवा असते, त्यामुळे उजेड वरच्या वर विखुरतो आणि माती फिकी दिसते. पाणी शिरलं की हवा निघून जाते, उजेड आत खोल उतरतो आणि माती गडद दिसते.

तैलरंगात पाण्याचं हे काम जवसाचं तेल करतं. फरक इतकाच की तेल उडून जात नाही, जागच्या जागी घट्ट होऊन काचेसारखं बसतं. ते तेल कणांभोवतून निघून गेलं, खालच्या थराने शोषलं किंवा मुळातच कमी पडलं, की कणांच्या मधे पुन्हा हवा शिरते. रंग उडालेला नसतो. तो फक्त कोरड्या मातीसारखा दिसायला लागतो.

आणि हे तपकिरीतच का होतं? कारण अंबर आणि सिएना खरोखर माती आहेत. लोहाचे ऑक्साइड, चिकणमाती, थोडी वाळू. अंबरमध्ये त्यासोबत मँगेनीजही असतं, साधारण ५ ते २० टक्के. सिएनात त्याहून कमी. सिएना हे नाव इटलीतल्या सिएना शहरावरून आलं, आणि अंबरसाठी सायप्रस बेट पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. अशा मातीचा कण फार बारीक आणि शोषक असतो. टायटॅनियम पांढऱ्याच्या १०० ग्रॅम भुकटीला साधारण २० ग्रॅम तेल पुरतं; अंबरला, सिएनाला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. एवढं तेल लागणाऱ्या रंगातलं तेल खालून कुणी ओढून घेतलं किंवा तो रंग वरून पातळ केला की सगळ्यात आधी तोच कोरडा पडतो.

पुढच्या सगळ्या तपासण्या या एकाच प्रश्नाभोवती फिरतात : तेल गेलं कुठे?

१. एक थेंब पाणी

खर्च शून्य. स्वच्छ सुती कापडाचं टोक पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि मेलेल्या भागाच्या एका कोपऱ्यावर हलकेच टेकवा. घासू नका. ओल असेपर्यंत तिथे मूळची खोली परत आली, तर रंग शाबूत आहे आणि दोष फक्त तेलाचा आहे. ओल्या जागीही राखट रंग तसाच राहिला, तर मिश्रणातच पांढरा किंवा खडू गेलेला आहे आणि ते पुन्हा रंगवावं लागेल.

कापडाला तपकिरी लागला तर तिथेच थांबा, दुसऱ्यांदा टेकवू नका. तिथे कणांना धरून ठेवणारं काही उरलेलं नाही.

ही तपासणी आधी करायची कारण निम्मी मंडळी घाबरून ताबडतोब वर दुसरा थर देतात, तोही तसाच मरतो आणि मग चित्र जाड, काळपट, बोजड होतं. नंदुरबारच्या एका शिक्षकांनी असे चार थर दिलेले चित्र आणलं होतं. पहिला थर तेल लावून दहा मिनिटांत जागा झाला असता.

पाण्याआधी एकदा कोरड्या मऊ ब्रशने धूळही झटका. एप्रिल-मेमधली आपल्याकडची धूळ दोन दिवसांत चित्रावर दिसण्याइतकी बसते, आणि गडद रंगावर ती सगळ्यात आधी दिसते.

२. टर्पेंटाइनची वाटी

पुढचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो : एका बैठकीत किती टर्पेंटाइन संपलं? जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ट्यूबमधून काढलेला रंग पॅलेटवर लवकर घट्ट होतो, हात जड पडतो, म्हणून मुलं दर दोन मिनिटांनी ब्रश वाटीत बुडवतात. टर्पेंटाइन उडून जातं आणि जाताना मागे पातळ झालेलं, पसरलेलं, अपुरं तेल ठेवून जातं. पांढऱ्याला ते चालून जातं. अंबरला चालत नाही.

पहिल्या पातळ रेखाटनाला टर्पेंटाइन ठीक आहे. त्यानंतरच्या थरांत रंग घट्ट वाटला तर जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब आणि तेवढंच टर्पेंटाइन एकत्र करून घ्या. नुसतं टर्पेंटाइन नको. पेट्रोल आणि रॉकेल अजिबात नको. रॉकेल मागे तेलकट अंश सोडतं आणि रंग नीट वाळू देत नाही. उन्हाळ्यात शक्य असेल तर सकाळी लवकर काम करा. मी स्वतः दुपारी बारानंतर गडद भागाला हात लावत नाही.

टर्पेंटाइनची वाटी झाकलेली ठेवा आणि खोलीत हवा खेळती ठेवा. कूलर लावून दारं बंद केलेल्या खोलीत त्याचा वास साठतो, डोकं धरतं.

३. ट्यूबवरची बारीक अक्षरं

पुढच्या भागाला ब्रश-तेल लागेल. ही तपासणी फुकट आहे, म्हणून आधी करून टाका. ट्यूबच्या मागे रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. नैसर्गिक तपकिरी मातीला 'पीबीआर ७' म्हणतात. अंबर आणि सिएना दोन्ही त्यातच येतात. पिवळी काव 'पीवाय ४३', नैसर्गिक तांबडी माती 'पीआर १०२'. याउलट 'पीवाय ४२', 'पीआर १०१' आणि 'पीबीआर ६' हे कारखान्यात केलेले लोह-ऑक्साइड. ते वाईट नाहीत. उलट जास्त झाकणारे आणि ताकदवान असतात, तेलही त्यांना वेगळ्या प्रमाणात लागतं. पण नैसर्गिक सिएनाची पारदर्शक, मधासारखी आग त्यात येत नाही, आणि एकाच नावाच्या दोन कंपन्यांच्या ट्यूब वेगळ्या का वागतात याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असेल तर ती त्या नावाची माती नाही, तिच्या छटेची नक्कल आहे. काही स्वस्त विद्यार्थी-ट्यूबांत भर म्हणून खडूसारखी पांढरी भुकटी असते. तो रंग वाळल्यावर राखट दिसण्याकडेच झुकतो.

एका नावापासून सावध राहा : व्हॅनडाइक ब्राउन. त्यालाच कॅसल अर्थ किंवा कोलोन अर्थही म्हणत. जुना खरा व्हॅनडाइक हा लोहाच्या मातीचा नसून तपकिरी कोळशासारख्या कुजलेल्या वनस्पतींचा असतो. तो सावकाश वाळतो आणि प्रकाशात टिकत नाही. आज त्या नावाने बहुतेक मिश्रणं विकली जातात, तरी ट्यूबवर 'एनबीआर ८' दिसलं तर महत्त्वाच्या चित्रात वापरू नका. तो फिका पडला तर कुठलंही तेल त्याला परत आणणार नाही.

४. कॅनव्हास किती पितो

माझ्या अनुभवात खरा गुन्हेगार सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतो.

कॅनव्हासची जी कडा लाकडी चौकटीवर मागे दुमडलेली असते, तिथे न रंगवलेल्या जागेवर जवसाच्या तेलाचा एक छोटा थेंब ठेवा. पंधरा मिनिटांनी बघा. थेंब तसाच फुगीर चमकत असेल तर अस्तर, म्हणजे रंगवण्याआधी कॅनव्हासला दिलेला लेप, ठीक आहे. तो नाहीसा होऊन तिथे नुसता गडद कोरडा डाग उरला असेल, तर तोच कॅनव्हास तुमच्या अंबरमधलंही तेल असंच पितोय.

आपल्याकडे स्वस्त कॅनव्हासला दोन प्रकारचं अस्तर दिसतं. काही ठिकाणी भिंतीचा प्रायमर एक हात मारलेला असतो. काही जण अजून खडी, म्हणजे खडूची पूड, आणि सरस उकळून जुन्या पद्धतीने अस्तर करतात. खडी-सरसाचं अस्तर वाईट नव्हे, शतकानुशतकं चित्रकार त्यावर काम करत आले. पण सरस कमी आणि खडी जास्त झाली की ते टीपकागदासारखं वागतं. चाळीसगावच्या एका मुलाचे सलग सहा कॅनव्हास असे निघाले. सगळे एकाच दुकानातून घेतलेले, आणि तो वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत होता.

उपाय चित्र काढण्याआधी करायचा. अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे तयार मिळणाऱ्या अस्तराचे, दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळवून, बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून. तरीही थेंब शोषला गेला तर अॅक्रिलिक मीडियम पाण्यात पातळ करून एक हात द्या. फार गुळगुळीत आणि अभेद्य करू नका. रंगाला पकड लागते. चित्र आधीच झालेलं असेल तर अस्तराला हात लावता येत नाही, मग पुढचा भाग वाचा.

५. थरांचा क्रम, आणि तेल चोळणं

मँगेनीज तेलाला लवकर वाळवतं. म्हणून अंबरचा पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो. खालचा थर म्हणून हे वरदान आहे : अंबरने सावल्या मांडा, दोन दिवसांनी वर काम करा. पण तोच अंबर सावकाश वाळणाऱ्या थरावर घातला, उदाहरणार्थ जाड काळ्यावर किंवा अजून ओल्या पांढऱ्यावर, तर वरचा कवचासारखा घट्ट होतो, खालचा हलत राहतो आणि वर भेगा पडतात. भेगा आल्या असतील तर त्यांचं कारण इथे शोधा, तेलात नाही.

खाली कमी तेल, वर जास्त तेल, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. चूक होते ती अशी : खाली ट्यूबमधून काढलेला तेलकट रंग, आणि शेवटच्या दिवशी सावली 'थोडी गडद करू' म्हणून टर्पेंटाइनमध्ये कालवलेला पातळ अंबर. तो अंबर वाळला की मेलाच. शेवटच्या थराला कधीही नुसत्या टर्पेंटाइनची कालवण देऊ नका.

आता झालेल्या चित्रावरचा उपाय. मेलेल्या भागाला तेल चोळायचं.

चित्र हाताला कोरडं असलं पाहिजे. धूळ झटका. शुद्ध केलेलं जवसाचं तेल, चित्रकारांसाठी मिळतं ते, आणि तितकंच टर्पेंटाइन एका झाकणात काही थेंब घ्या. जुन्या धुतलेल्या, तंतू न सोडणाऱ्या सुती कापडाच्या घडीवर ते घ्या आणि फक्त मेलेल्या भागावर पातळ चोळा. पाच मिनिटं थांबा. मग कोरड्या कापडाने जितकं निघेल तितकं पुसा. नुसत्या डोळ्याला ओलं दिसेल इतकं तेल राहिलं तर ते पुढे पिवळं पडतं आणि धूळ पकडतं. दुसऱ्या दिवशी खोली परत आलेली दिसेल. पुन्हा मेलं तर आणखी एकदा करा. तिसऱ्यांदा करू नका. अस्तर फार पीत असेल तर तेल ओतत राहून चित्र वाचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : तेल लावलेली कापडं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना जवसाचं तेल उष्णता सोडतं, घडीत ती साठते आणि कापड स्वतःहून पेटू शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर हा धोका नुसता पुस्तकातला राहत नाही. कापडं दोरीवर एकेरी वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

६. माती तुम्ही स्वतः आणली असेल तर

अलीकडे बरेच जण शेताच्या कडेची माती आणून रंग करतात, आणि मला ते मनापासून आवडतं. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथले तांबडे, पिवळे, तपकिरी रंग मातीचेच आहेत, हिरवाही एका हिरव्या मातीचा. बेसाल्टच्या या प्रदेशात रंगाची कमतरता नाही. पण घरच्या रंगात दोष येण्याच्या जागा जास्त आहेत, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली चूक काळ्या मातीची. कापसाची काळी जमीन हाताला मऊ, दिसायला गडद, म्हणून सगळे तीच उचलतात. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात मे महिन्यात पायाचा पंजा जाईल अशा भेगा पडतात त्या याच कारणाने. डिंकात किंवा सरसात कालवून कागदावर लावली तर तेच छोट्या प्रमाणात घडतं. तेलातही ती अतोनात तेल मागते आणि शेवटी चिखलाचा करडा रंग देते. तिच्याऐवजी तांबडा किंवा पिवळसर मुरूम शोधा. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे लाव्हाच्या दोन थरांमधे तांबूस मातीचा पट्टा दख्खनमध्ये पुष्कळ ठिकाणी दिसतो. तशा मातीला चांगला रंग येतो. यावल अभयारण्यातून किंवा लेण्यांच्या परिसरातून मात्र माती उचलू नका. रस्त्याच्या कामाच्या ढिगाऱ्यात, विहिरीच्या उपशात हवी तितकी मिळते.

दुसरं, चुनखडी. चमचाभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर चुना आहे. थोडा असला तर चालतो, भरपूर असला तर रंग फिका आणि कमजोर होणार. दुकानातल्या गेरूवरही हीच तपासणी करा. खडू मिसळला असेल तर इथे लगेच कळतं.

तिसरं, धुणं. हे टाळणाऱ्यांच्या चित्रावर पुढे पांढरे क्षार उमटतात. बादलीत माती कालवा, मिनिटभर थांबा, वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, तरंगणारा कचरा काढून टाका. रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी फेकून नवं घाला. असं तीन-चार वेळा केलं की क्षार पाण्याबरोबर निघून जातात. जमीन चोपण असेल, म्हणजे उन्हात वर पांढरी पापडी धरत असेल, तर तिथली माती घेऊच नका. तळाची साय ताटात सावलीत वाळवा, कुटा आणि वस्त्रगाळ करा. कुटताना आणि गाळताना नाका-तोंडावर चांगला मास्क हवा, साधा रुमाल पुरत नाही. मातीच्या धुळीत वाळूचा अतिसूक्ष्म अंश असतो, आणि विकतची अंबरची भुकटी असेल तर मँगेनीजही. दोन्ही श्वासातून शरीरात जाऊ नयेत. हे काम स्वयंपाकघरात करू नका.

पिवळ्या मातीची भाजकी छटा हवी असेल तर जुन्या लोखंडी तव्यावर, मोकळ्या अंगणात, मोठ्या आचेवर हलवत राहा. पिवळ्या मातीतल्या लोहाच्या खनिजात पाणी बांधलेलं असतं. साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे ते निघून जातं आणि माती तांबूस होते. कच्चा सिएना आणि भाजका सिएना यांतला फरक हाच. तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.

चौथं, आणि सगळ्यात जास्त चुकणारं : घोटणं. जाड काचेवर भुकटीचा ढीग करा, मधे खळगा करून थोडं तेल घाला, पातीने कालवा, मग काचेच्या घोटणीने गोल-गोल घोटा. सुरुवातीला मिश्रण कोरडं, चुरमुऱ्यासारखं वाटतं आणि आणखी तेल घालायचा मोह होतो. घालू नका. पंधरा मिनिटं घोटल्यावर तेच मऊ पडतं. मग झाकून रात्रभर ठेवा. सकाळी ते पुन्हा घट्ट झालेलं असेल, कारण मातीचा कण आत तेल ओढत राहतो. आता थोडे थेंब घाला आणि पुन्हा घोटा. माझ्याकडे आलेले मेलेले घरगुती रंग बहुतेक याच रात्रीच्या विश्रांतीवाचून मेलेले होते : सकाळी केला, दुपारी लावला, आणि मग मातीने उरलेलं तेल कॅनव्हासवर बसून प्यायलं.

पाचवं, तेल कोणतं. आपल्या घरात सरकीचं, शेंगदाण्याचं, तिळाचं तेल असतं. शेंगदाण्याचं वाळतच नाही. सरकी आणि तीळ अर्धवट वाळतात, चिकट राहतात, धूळ धरतात. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल वाळतं, पण सावकाश, आणि जास्त पिवळं पडतं. हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवसतेल दारं-खिडक्यांसाठी असतं; त्यात वाळवणारे क्षार घातलेले असतात आणि ते काळपट पडतं. रंगासाठी शुद्ध केलेलं जवसतेलच घ्या.

पाण्यातल्या रंगाबद्दल थोडक्यात. बाभळीचा डिंक एक भाग, गरम पाणी दोन भाग, गाळून घ्या, लवंगेच्या तेलाचा थेंब टाका म्हणजे बुरशी धरत नाही. कागदावर पट्टा ओढा आणि वाळल्यावर बोट फिरवा. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी. पट्टा चमकून तडकला तर डिंक जास्त. आणि हे मनात असू द्या : डिंकातली माती मूळचीच निस्तेज, मखमली दिसते. तो दोष नव्हे. अजिंठ्याची चित्रंही वाळलेल्या गिलाव्यावर अशाच पद्धतीने रंगवली आहेत. पाण्याच्या रंगाला तैलरंगाची चमक आणायला जाल तर त्याचं जे आहे तेही जाईल.

७. वॉर्निश सगळ्यात शेवटी

रंग मेला की पुष्कळ जण सरळ वॉर्निशचा डबा उघडतात. वॉर्निशने चमक एकसारखी होते हे खरं, पण तैलचित्र आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि जे भाग तेल पितात ते वॉर्निशही पितात. ठिगळं तशीच राहतात. आधी तेल चोळून रंग सारखा करा, वर्षभर थांबा, मग काढता येईल असं चित्रकारांचं वॉर्निश पातळ द्या. फर्निचरचं नको.

घाईने दिलेल्या थराचं काय होतं ते अजिंठ्यात दिसून गेलं आहे. १९२० च्या सुमारास निजामाने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी सुटणारा रंग चिकटवून ठेवण्याचं मोठं काम केलं, पण चित्रांवर चपड्याचं, म्हणजे शेलॅकचं लेपन झालं आणि ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं. ते उतरवायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षं खपावं लागलं. लावायला एक दिवस पुरतो, काढायला पिढी जाते.

कुठे थांबायचं

इथवर जे लिहिलं ते तुमच्या स्वतःच्या, अलीकडच्या चित्रासाठी आहे. खालील गोष्टी दिसल्या तर पाण्याचा थेंबसुद्धा लावू नका.

रंगाचे पापुद्रे उठले आहेत किंवा खाली पडताहेत. कापड टेकवताच रंग निघतो. पांढरी लव आहे आणि ती ब्रशने झटकल्यावर दोन दिवसांत परत येते. कॅनव्हास फाटला आहे किंवा पावसात भिजला आहे. चित्र आजोबा-पणजोबांच्या काळचं आहे, कुणी काय वापरलं ठाऊक नाही, पांढऱ्यात शिसं असण्याची शक्यता आहे. चित्र देवळाच्या किंवा वाड्याच्या भिंतीवर आहे. आणि ज्या चित्राला किंमत आहे, पैशाची असो वा माणसाच्या आठवणीची, ते.

चाळीसगावला छायाचित्रकार आणि चित्रकार कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या बंगल्याचं नाव 'रेम्ब्राँज रिट्रीट'. तिथे गेलो की मला नेहमी वाटतं, डच चित्रकार रेम्ब्रांटच्या सावल्यांचा केवढा मोठा भाग अशाच मातीच्या रंगांनी उभा आहे, आणि तो आपल्यापर्यंत पोचला कारण मधल्या कुणीतरी त्याला हात लावताना विचार केला. खान्देशातल्या जुन्या घरांतही काळवंडलेली तैलचित्रं भिंतीवर आहेत. ती कांदा, बटाटा, लिंबू किंवा साबणाने पुसू नका. मी अशी दोन चित्रं पाहिली आहेत, आणि दोन्हींच्या चेहऱ्यावरचा सावलीचा तपकिरी, जो सगळ्यात पातळ असतो, कायमचा गेला होता.

अशा चित्राला चित्रसंवर्धक लागतो. फ्रेमवाला किंवा माझ्यासारखा शिक्षक नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे, आणि लखनऊला केंद्र सरकारची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला आहे. तिथे पत्र लिहून विचारता येतं. जाण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात पुढून, मागून आणि तिरक्या उजेडात असे तीन फोटो काढा. मागच्या लाकडावर, कापडावर काही लिहिलेलं, शिक्का, दुकानाची चिठ्ठी असेल तर ती तशीच राहू द्या आणि तिचाही फोटो घ्या. पडलेले पापुद्रे असतील तर कागदाच्या पुडीत जपून ठेवा, कुठून पडले ते पुडीवर लिहा. चित्र आडवं, रंग वर करून, कशालाही न टेकवता न्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. आणि तुम्ही आधी काही लावलं असेल, तेल, वॉर्निश, काहीही, तर ते लपवू नका, पहिल्याच वाक्यात सांगा.